आठ अंश डावीकडे

भिंतीवर सदतीस ओळंबे.
एकाचंही मूळ-गाव बाबांना विचारू नये, दुपार जाते.
शलगमासारखा फुगीर, तो त्रिएस्तच्या गोदीतला.
गाजरासारखा निमुळता, पोलादी टोकाचा,
तो ल्युब्लियानाच्या रविवारच्या बाजारातला;
विकणारीला वाटलं पडद्याचं वजन आहे,
आणि बाबांनी तिला तसं वाटू दिलं.
(कबुली नंतर दिली. पाद्र्याला नाही, आईला.)

खिडकीखाली पाणसळी,
शिसवी, पितळी कडांच्या.
एकीवर चाकूनं कोरलेलं नाव, मातिया, आणि अर्धी तारीख.
एकीतलं स्पिरिट कधीच उडून गेलंय,
नळीभर नुसता बुडबुडा.
तरी ठेवलीये.
"गप्प आहे, पण खोटं तर बोलत नाही," म्हणतात.

आमच्या इद्रियात पाऱ्याची खाण होती
आणि बाबा तिथले मोजणीदार.
उभ्या विवरात तार सोडायची, खोल, अंधार संपेपर्यंत,
टोकाला तान्ह्या पोराएवढा ओळंबा.
तो थांबता थांबत नाही.
वरून पाणी ठिबकतं, खालून वारा चढतो.
म्हणून त्याला तेलाच्या बादलीत बुडवायचं
आणि बसून राहायचं.
"मोजणं दहा मिनिटांचं. बाकी सगळं थांबणं."
हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय
की त्याला तेलाचा वास येतो.

फेब्रुवारीत त्यांना झटका आला.
हात वाचला, बोलणं वाचलं,
पण ते डावीकडे कलायला लागले,
सूप सांडेपर्यंत, खुर्ची उलटेपर्यंत,
आणि सरळ करायला गेलं की ओरडायचे,
पाडतोस का मला!
डॉक्टर कोबाल बाईंनी कागदावर दोन रेघा काढल्या:
त्यांच्या डोक्यातलं 'उभं' आठ अंश सरकलंय.
त्यांच्या लेखी ते सरळच आहेत.
वाकडे आपण.

मी शहाणपणा केला.
सगळ्यांत लाडका ओळंबा दाराच्या चौकटीला टांगला,
अमेरिकन, आत पारा भरलेला,
कदाचित आमच्याच डोंगरातला,
समुद्र ओलांडून, पितळेत बंद होऊन परत आलेला.
मुठीएवढाच, पण उचलला की खांद्यापर्यंत कळतो.
दोरी हलली, मंदावली, थांबली.
बाबांनी पाहिलं.
खूप वेळ पाहिलं.
मग म्हणाले, "दोरी वाकडी आहे."

आईच्या हातातली लेस थांबली.
लाकडी कांड्यांच्या बारा जोड्या
उशीच्या कडेवरून लोंबत राहिल्या,
त्याही तेवढ्याच वाकड्या.

रात्री पाणी प्यायला उठलो तर बाबा दारात,
चौकट धरून, एक डोळा मिटून, दोरीला नाक लावून.
"डोळे सांगतील भिंत पडतेय," ते कुजबुजत होते,
उमेदवारीतल्या पोराला सांगावं तसं,
"डोळ्यांचं ऐकायचं नाही, लोवरो. दोरीचं ऐकायचं."
लोवरो त्यांचंच नाव.
आणि कड्यावरून पाय उचलावा तसे
ते स्वतःला उजवीकडे ढकलत होते,
एक अंश.
कपाळावर घाम.
दोन.
मी तहानलेलाच परत फिरलो.

आता रोज न्याहारीआधी दारात उभे राहतात.
परवा चार मिनिटं टिकले,
काल अर्धंच, आणि दिवसभर पारा चढलेला.
भिंतीवर छत्तीस. सदतिसाव्याच्या खिळ्यावर
आईनं त्यांची टोपी अडकवलीये.

संध्याकाळी मात्र कुणी दोरीकडे बघत नाही.
आई हल्ली उशी घेऊन त्यांच्या डावीकडे बसते.
कांड्या वाजतात.
ते हळूहळू कलतात,
तिच्या खांद्याला लागतात,
थांबतात.
तिचा एक टाका चुकतो.
ती उसवत नाही.